साखळीची कटकट

गाड्यांनाही बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. समुद्राकाठच्या वळणावळणाच्या रस्त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून एक नवी होडी बंदराकडे निघाली होती.

निघण्यापूर्वी अर्जुन नाखव्यानं ट्रॅक्टरपुढे नारळ फोडला. मागची ट्रॉली ज्या खिळीनं ट्रॅक्टरला जोडलेली असते, त्या खिळीलाही हळदकुंकू लावलं. खीळ तुटलीच तर ट्रॉली धरून ठेवायला तिच्या जोडीला लावायची साखळी मात्र पूजेत मध्ये येते म्हणून त्यानं सोडली होती, ती अडकवायची राहूनच गेली.

ट्रॅक्टर निघाला, साखळी रस्त्यावर फरफटू लागली. "अहो दादा, मला अडकवा हो!" ती खणखणत राहिली.

"गप गं!" खीळ फणकारली. "ओझं मी ओढतेय. तुला नुसतं लोंबायचं, त्याला एवढा मान कशाला हवा?"

"मान नको गं बाई. पुढे चढण आहे, पाठीशी दरी आहे. या होडीवर दादाच्या लेकराबाळांचं पोट आहे."

घासून घासून कड्या तापल्या, तरी ती वाजायची थांबेना. शेवटी चढणीच्या तोंडाशी अर्जुन वैतागून उतरला. "काय कटकट आहे सकाळी सकाळी!" म्हणत त्यानं साखळी अडकवली.

ऐन वळणावर खीळ कडाडून तुटली. ट्रॉली मागे घसरली, आणि साखळी ताठ झाली. अर्जुननं ब्रेक दाबून अडकवला, उडी मारून धावत येऊन चाकांमागे दगड लावले.

रस्त्यावर पडलेल्या खिळीनं हळूच विचारलं, "दुखतंय का गं?"

"दुखतंय," साखळी म्हणाली. "होडी ट्रॉलीवर आहे ना, तेवढं बघून सांग."