सुवर्णबेटावरची झाडं

एका राज्यात राजाच्या तोंडून शब्द निघाला की त्याचा कायदा होई, आणि त्या शब्दाला कुणी उलटून बोलल्याचं कुणाच्याच स्मरणात नव्हतं. राजाचं नाव वज्रसेन. राज्याच्या सीमेवरून संथा नावाची रुंद नदी वाहत होती. पैलतीरावर राजा नव्हता. तिथं शंभर जणांची सभा बसे आणि हात वर करून कारभार ठरवी. नदीच्या मधोमध एक बेट होतं. तिथं एका मांत्रिकाने मरताना आपलं सोनं पुरलं आणि शाप ठेवला, की शस्त्र घेऊन जो इथं पाय ठेवील, त्याचं झाड होईल.

वज्रसेनाने त्या सोन्यासाठी सात वेळा सैन्य धाडलं. पैलतीराच्या सभेने एकदा. आठही सैन्यं झाडं होऊन उभी होती. इकडची इकडच्या तीराकडे झुकलेली, तिकडची तिकडच्या.

उत्पला नावाडीण रोज त्या बेटाला होडी लावी. तिचा नवरा मेघांक पहिल्याच सैन्यात गेला होता. बारा वर्षं झाली. पाण्याच्या कडेचं वाकडं झाड त्याचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसे आणि गावातल्या गोष्टी सांगे. कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न ठरलं. पानं हलत. तेवढ्यावर ती परत वल्हं हाती घेई.

एके सकाळी त्या झाडावर भारद्वाज पक्षी बसला होता.

"बाई, मी मांत्रिकाचा राखणदार," तो म्हणाला. "शाप उतरायचा तर तीन गोष्टी करायच्या. सैन्य का धाडलं, हे राजाला विचार. तेच सभेला विचार. मग कुणाची भूक मोठी ते मला सांग, आणि ती भूक अडवणारा शब्द ती जिथं आहे तिथं जाऊन बोल."

पक्षी तिच्या खांद्यावर बसला. ती आधी राजाकडे गेली.

"महाराज, सैन्य का धाडलंत?"

"मला सोनं हवं होतं," वज्रसेन म्हणाला. "मी म्हणालो, ते निघाले. यात विचारण्यासारखं काय आहे?"

मग ती पैलतीरी गेली. सभेत एवढा गलबला होता की ती दारातच थबकली. माणसं कारभाऱ्यांना तोंडावर दोष देत होती आणि संध्याकाळी सुखरूप घरी जात होती. गंधवती नावाच्या म्हाताऱ्या सभासदाने तिला जवळ बसवलं.

"दोनदा आम्ही नको म्हणालो, मुली. तिसऱ्यांदा कुणी तरी उठून म्हणालं, सोनं राजाच्या हाती पडलं तर तो घोडे घेऊन आपल्यावरच येईल. भीतीनं हात वर गेले. माझाही गेला." तिने तो हात पदराखाली घेतला. "माझा मुलगा तिथं उभा आहे. मी त्याच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ?"

परतताना भर नदीत पक्ष्याने विचारलं, "मग, भूक कुणाची मोठी?"

"राजाची," उत्पला म्हणाली. "त्याला अडवणारं कुणी नाही, म्हणून तो सात वेळा उठला. सभेला अडवणारे होते, म्हणून ती एकदाच उठली. पण त्या एका वेळेची झाडंही तितकीच खोल रुजली आहेत."

"खरं बोललीस. आता शब्द."

तीरावर राजाचं आठवं सैन्य उभं होतं. या वेळी बेट नव्हे, अख्खं पैलतीर जिंकायचं होतं. पांढऱ्या घोड्यावरून वज्रसेन म्हणाला, "नावाडिणी, पहिली तुकडी तुझ्या होडीतून जाईल."

उत्पलेला ते वाकडं झाड आठवलं.

"नाही, महाराज."

वारा पडला. राजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पुन्हा बोल."

"नाही."

सेनापती भद्रकाचे दोन्ही मुलगे बेटावर होते. त्याने तलवार काढली, आणि राजाच्या पुढ्यात वाळूवर ठेवली. "माझंही 'नाही', महाराज."

मग तोच शब्द सगळ्या सैन्यातून आला.

राजा घोड्यावरून उतरला. त्याचा चेहरा एकाएकी थकलेला दिसला. "हे मला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?"

"सांगू शकले असते असे होते, महाराज," उत्पला म्हणाली. "त्यांना आपण पहिल्याच सैन्यात धाडलंत."

त्या क्षणी बेटावर मुळं सुटल्याचा आवाज झाला. सोन्याची माती झाली, पक्षी उडून गेला, आणि पाण्याच्या कडेला माणसंच माणसं उभी राहिली. दोन्ही तीरांवरून होड्या सुटल्या. गंधवती पहिल्या होडीत होती. त्या दिवसापासून वज्रसेनाच्या दरबारात, आज्ञा सुटण्याआधी, 'कुणाची ना आहे?' असं विचारण्याची रीत पडली, आणि संथेवरून पुन्हा सैन्य गेलं नाही.

मेघांक गेला तेव्हा होता तसाच तरुण होता. त्याने उत्पलेच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं.

"फार वेळ लागला का गं मला?"

तिला बारा वर्षांचं सांगायचं होतं. तिने वल्हं उचललं.

"बैस होडीत," ती म्हणाली. "जेवायची वेळ झाली."