चौसष्ट हात आणि आठ हात

गोष्ट तशी अलीकडचीच, पण संगणकांच्या हिशेबाने सत्ययुगातली. एका पूरनियंत्रण कक्षात दोन प्रोसेसर शेजारी राहायचे. सर्व्हरमधल्या थोरल्याला चौसष्ट कोअर होते, म्हणजे चौसष्ट हातच म्हणा. तो गावोगावच्या फोनवर पुराची माहिती पुरवायचा. वर्कस्टेशनमधल्या धाकट्याला हात आठच, पण भलते चपळ. नदीचं पाणी तासातासाने किती चढेल, याचं गणित तो करायचा.

"आठ हातांनी कसलं गणित करतोस? मी चुटकीसरशी करीन," थोरला म्हणाला.

"आणि नुसते निरोप तर मीही देईन," धाकटा फणकारला.

दोघांनी कामं बदलली. पण पहिल्या तासाचं पाणी कळल्याशिवाय दुसऱ्या तासाचं मांडता येईना. थोरल्याचा एकच हात सावकाश राबत राहिला, बाकीचे त्रेसष्ट नुसते बसून. तिकडे हजारो माणसं धाकट्याला एकदम विचारत होती. त्याचे आठही हात झरझर चालले, तरी रांग वाढतच गेली. हरणवाडीच्या अनसूयाकाकूंनी तिसऱ्यांदा विचारलं, "बाबा, गुरं सोडू का गोठ्यातून?"

दोघंही वरमले. त्यांनी आपापली कामं परत घेतली. धाकट्याने आकडा काढला, थोरल्याने तो साऱ्या गावांना एकदम कळवला.

संध्याकाळी काकूंचा निरोप आला, "गुरं टेकडीवर पोचली. सांगणाऱ्याचं भलं होवो."

"हे तुझ्यासाठी आहे," थोरला म्हणाला.

"छे, तुझ्यासाठी," धाकटा म्हणाला.

त्यांचं भांडण आजही मिटलेलं नाही, पण आता ते एवढ्यावरूनच चालतं.