केरबाची बंदूक भाड्यानं राहते

एका गावाला सोसायट्या झाल्या होत्या, आणि त्यातल्या एका सोसायटीत एक भोळा भाडेकरू राहायला आला. नाव केरबा. पतपेढीच्या दारावर पहाऱ्याची नोकरी. नोकरीसाठी स्वतःची दुनळी बंदूक, बंदुकीला रीतसर परवाना. बायको हौसा. बंदुकीपायी दोन घरं सुटली होती. हौसानं सामान लावता लावता सांगितलं, "ह्ये तिसरं घर. ह्ये बी गेलं तर मी म्हायेरी जाणार. तुमी आन तुमची बंदूक, दोघंच संसार करा."

सोसायटी फार शिस्तीची होती. लग्न न झालेले नकोत, मासे तळणारे नकोत, कुत्रा नको, तबला तर नकोच. बंदुकीबद्दल नियम नव्हता. तसं विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

घरमालक मगदूम अण्णा चांगला माणूस. किल्ली देताना ते म्हणाले, "केरबा, आपल्याकडं लपवाछपवी नको. बंदूक हाय म्हटल्यावर चार लोकांना म्हाईत असलेली बरी."

"व्हय अण्णा," केरबा म्हणाला.

त्यानं बंदूक खांद्याला अडकवली आणि एक दार वाजवलं. "मी नवा भाडेकरू. माझ्याकडं बंदूक हाय. म्हाईत असू द्या." मग दुसरं दार. मग तिसरं. मग चौथं. पाचवं वाजवलं नाही, कारण अण्णांनी चारच सांगितले होते. चारही घरांनी आतून कड्या घातल्या आणि एकानं पोलिसांना फोन केला.

खाडे हवालदार आले. परवाना बघितला, कपाळाला हात लावला. "अरे बाबा, असं कुणाच्या दारात जायचं असतं व्हय? आधी ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा. मग पुढची पायरी."

"असं व्हय," केरबा म्हणाला. "आता तसंच करतो."

दुसऱ्याच दिवशी हौसा म्हणाली, "समोरच्या काकूंकडनं वाटीभर विरजण आणा." केरबा तडक ठाण्यात गेला. अर्ज लिहिला: 'मी आज सायंकाळी समोरच्या दारातून वाटीभर विरजण आणणार आहे. माहितीसाठी सादर.' ठाण्यानं अर्जावर शिक्का मारला, कारण आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा असतो. मग चौकशी लागली. हवालदार समोरच्या काकूंच्या घरी गेले, विरजण कधी लावलं, दूध कुणाचं, सगळं विचारून लिहून घेतलं. काकूंनी भीतीनं पातेलंभर दही देऊन टाकलं.

जाता जाता हवालदार केरबाला म्हणाले, "तुझ्या अर्जापायी माझा अख्खा दिवस गेला. आता शेवटचं सांगतो. बिल्डिंग ज्याला घाबरते ते घरात कुलपात ठेवायचं. किल्ली आपल्या खिशात. कुणाला तरास न्हाई."

"असं व्हय," केरबा म्हणाला. "आता तसंच करतो."

बिल्डिंग कुणाला घाबरते हे केरबाला आठवड्यात कळलं. सबनीस बाईंना. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. त्या जिन्यात आल्या की वाळत घातलेल्या चादरी आपोआप आत जायच्या, आणि चेअरमन मागच्या दारानं निघायचे. एका सकाळी बाई केरबाच्या घरी आल्या. गॅलरीतून पाणी ठिबकतं का, ते त्यांना बघायचं होतं. हौसा दळणाला गेली होती. बाई गॅलरीत वाकल्या. केरबानं बंदूक खांद्याला अडकवली, गॅलरीचं दार ओढून बाईंना कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि ड्यूटीवर गेला.

बाईंनी गॅलरीतून हाका मारल्या. सगळ्या बिल्डिंगनं ऐकल्या. घाई कुणालाच नव्हती. त्या दिवशी पार्किंगमध्ये पोरं पहिल्यांदा क्रिकेट खेळली आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी सुरमई तळली. चेअरमननी सुटकेसाठी तातडीची बैठक बोलावली, दोन तासांनंतरची.

संध्याकाळी केरबा आला, कुलूप उघडलं. मग व्हायचं तेच झालं. सभा भरली. केरबाला काढा, असं सगळे म्हणाले. पहिल्या मजल्यावरचे वकील तेवढे उठून म्हणाले, "परवाना आहे, पोलिसांत नोंद आहे. भाड्यानं राहतो म्हणून माणसाचा हक्क जात नाही. तुम्ही फार तर तबला बंद करू शकता." हे ऐकून लोक नाराज झाले. तबला आधीच बंद होता.

हौसा कोपऱ्यात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "अण्णा, त्यांच्या मनात काय बी वाईट नसतं," ती म्हणाली. "एक डाव संधी द्या."

अण्णा विरघळले. पहिला करार चाचणीपुरता महिन्याचाच होता, तो संपतच आला होता. "रविवारी येतो," ते म्हणाले. "बंदोबस्त नीट दिसला, तर पुढचे अकरा महिने तिथंच सही करतो."

सबनीस बाई मात्र केरबासमोर बोट नाचवून म्हणाल्या, "कुलूप बंदुकीला लावायचं होतं, माणसाला नाही. बंदूक आत, माणूस बाहेर. पाठ करा."

"बंदूक आत, माणूस बाहेर," केरबा म्हणाला. "आता तसंच करतो."

रविवारी सगळे आले. जिन्यात चूल नव्हती एवढंच. गादी होती, हंडा होता, ट्रंक होती. ट्रंकेवर हौसा बसली होती, भिंतीकडं तोंड करून. केरबा दारापाशी सावधान उभा होता. दाराला कुलूप. खिडकीतून आत बघितलं तर मधोमध खाटेवर बंदूक, उशाला उशी, वर पंखा चालू.

"हे काय रे?" अण्णांनी विचारलं.

"बंदूक आत, माणूस बाहेर," केरबा म्हणाला.

अण्णा कराराचा कागद घेऊन आले होते. ते वैतागून म्हणाले, "अरे, करार आत राहणाऱ्याच्या नावानं होतो. बाहेर राहणाऱ्याच्या नावानं कसा करू?"

"मग हिच्याच नावानं करा की," केरबानं खिडकीकडं हात केला.

कमिटी विचारात पडली. पाणी वापरणार नाही. मासे तळणार नाही. भिंतीत खिळे ठोकणार नाही. गाडी लावणार नाही, पाहुणे आणणार नाही, सभेला येऊन बोलणार नाही. सबनीस बाईंचा चेहरा उजळला. "असा भाडेकरू आपल्याला पहिल्यांदाच मिळतोय," त्या म्हणाल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. वकील काहीतरी म्हणत होते, पण त्यांना खाली बसवण्यात आलं.

"सही कोण करणार?" अण्णांनी विचारलं.

केरबानं कुलूप काढलं, उंबऱ्याबाहेरूनच हात घालून खाट ओढली, बंदुकीचा दस्ता शाईच्या पॅडवर टेकवला आणि भाडेकरूच्या जागी ठसा उठवला. बंदूक परत उशीवर ठेवली. कुलूप लावलं. खाली साक्षीदार म्हणून आपली सही केली, आणि जिन्यातल्या गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे वाटले. कारण घर वाचलं होतं.