चाळीस पावलांवरचे झाड

सातपुड्यातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी डोह होता, आणि डोहाकाठच्या मोहाच्या झाडावर एक सुतार पक्षी राहत असे. वैताग आला की तो समोरच्या खोडावर चोच आपटी. टक, टक, टक! त्या वर्षी त्याची चोच फार झिजली, कारण त्याचा शेजारी एक अस्वल होते.

मुलांनो, अस्वल वाईट नव्हते. एकदा सुतार पक्ष्याच्या ढोलीत घोरपड शिरली होती आणि आत त्याची पिल्ले होती. तेव्हा अस्वलानेच तिला शेपटीला धरून ओढून बाहेर फेकले होते. सुतार पक्षी ते विसरला नव्हता. पण अस्वल खाऊन खाऊन आणि लोळून लोळून इतके जड झाले होते, की गुहेतून डोहापर्यंत येतानाही त्याला तीनदा बसावे लागे. आणि त्या जंगलात जड राहून चालण्यासारखे नव्हते. दर वैशाखात डोह आटे. मग सगळे प्राणी डोंगर चढून कड्याखालच्या झऱ्यावर जात आणि पावसाळ्यापर्यंत तिथेच राहत. गेल्या वैशाखात अस्वल चढणीच्या पहिल्याच टप्प्यावर, एका पळसाखाली, धापा टाकत बसले ते उठलेच नाही. वानरांनी रसाळ फळे त्याच्याकडे फेकली, म्हणून कसेबसे निभावले.

वानरांच्या म्हाताऱ्या आजीने या वर्षी आधीच सांगून टाकले होते, "ढोल्या, यंदा आमच्या कळपात नऊ लेकुरवाळ्या आहेत. फळं पिल्लांना पुरायची नाहीत. तुझं तू बघ."

आता तुम्ही म्हणाल, मग अस्वलाने काही केले नाही का? केले ना! त्याने संकल्प केले.

त्या जंगलाची एक रीत होती. पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळे वडाखाली जमत. ज्याला काही संकल्प करायचा असेल तो मोठ्या दगडावर उभा राही. संकल्प जितका मोठा, तितकी वाहवा मोठी. आणि उद्यापासून सारे बंद होणार म्हणून त्याला त्याच रात्री पोटभर जेवू घालत. मध, बोरे, उंबरे, जे असेल ते. ही रीत कोणी पाडली ठाऊक नाही, पण ती अस्वलाला फारच मानवली होती.

कार्तिकी पौर्णिमेला ते दगडावर चढले आणि म्हणाले, "उद्यापासून मी रोज सात वेळा डोंगर चढणार!"

"वाहवा!" मोर ओरडला आणि त्याने पिसारा फुलवला. अस्वल तीन पोळ्यांतला मध जेवले. दुसऱ्या दिवशी ते धावत सुटले, अर्ध्या चढणीवर कोसळले आणि पुढचे चार दिवस कण्हत पडून राहिले.

मार्गशीर्षात संकल्प झाला, "उद्यापासून मी फक्त पाला खाणार!" पुन्हा वाहवा, पुन्हा जेवण. तिसऱ्या दिवशी अस्वल एका आख्ख्या पोळ्यावर तुटून पडले आणि नाकावर सहा डंख घेऊन परत आले.

"अरे बाबा, तू पाला खाणार होतास ना?" सुतार पक्ष्याने विचारले.

"खाल्ला की दोन दिवस," अस्वल नाक चोळत म्हणाले. "पण या संकल्पात दम नव्हता. पुढच्या पौर्णिमेला जरा मोठा करतो."

टक, टक, टक!

मुलांनो, हसू नका. सुट्टीच्या पहिल्या दिवशी पहाटे पाचला उठायचे वेळापत्रक रंगीत पेनांनी काढून तुम्हीही भिंतीवर चिकटवले असेल, आणि चौथ्या दिवशी त्याच भिंतीखाली आठपर्यंत घोरत पडला असाल.

सुतार पक्ष्याने तरी काय शहाणपण केले? त्याने पौषभर रोज उजाडताच गुहेच्या तोंडाशी बसून आरडाओरडा केला. "ऊठ! धाव! लाज नाही वाटत? वैशाख आला की काय करशील?" अस्वलाने पहिल्या दिवशी "हो हो" म्हटले, दुसऱ्या दिवशी कूस बदलली आणि तिसऱ्या दिवशी कानांत पाला घातला.

"मरू दे!" सुतार पक्षी वानरांच्या आजीजवळ जाऊन म्हणाला. "मी माझ्याकडून सगळं करून पाहिलं."

"तू नुसतं ओरडलास," आजी एका पिल्लाच्या उवा काढत म्हणाली. "तो नुसता बोलला. दोघांत मला तरी काही फरक दिसत नाही."

हे ऐकून सुतार पक्षी इतका चिडला की त्याने दुपारभर तिच्याशी अबोला धरला.

माघात एक साधीच गोष्ट घडली. अस्वलाला रोज सकाळी उठल्यावर पाठ घासायची सवय होती. गुहेभोवतीची खोडे त्याने एकेक करून झिजवली होती, आता गुहेबाहेरचा एकच ऐनाचा वृक्ष उरला होता. त्याची साल खडबडीत, भेगाभेगांची, पाठीला फार बरी वाटणारी. पण एवढ्या वजनाच्या प्राण्याने घासून घासून तेही खोड आता डोहातल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले. अस्वलाने इकडे घासून पाहिले, तिकडे घासून पाहिले, खाज काही जाईना. शेवटी ते कुरकुरत वर चाळीस पावलांवरच्या दुसऱ्या ऐनाकडे गेले. तिथे त्याने डोळे मिटून मनसोक्त पाठ घासली.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही. सुतार पक्षी फांदीवरून बघत होता. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आले, की संकल्प नाही, मोर नाही, जेवण नाही, तरी हा प्राणी चार दिवस सलग उठून चढण चढतो आहे! आणि ज्या मोहावर तो बसला होता त्यातली आपली ढोली त्याच्या नजरेला पडली. ती त्याने एका सकाळी कोरली होती थोडीच? रोज थोडी चोच मारली, भूक लागली की थांबला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. "मी एवढा सुतार," तो स्वतःवरच चिडून म्हणाला, "आणि याला मात्र एका दिवसात सगळा डोंगर चढायला सांगत होतो!"

टक, टक! या वेळी चोच त्याने स्वतःसाठीच आपटली.

सालीबद्दल सुतार पक्ष्याइतके कोणाला कळणार? पाच दिवसांनी दुसराही ऐन झिजला, तेव्हा तो सहज म्हणाला, "थोडं वर एक टेंभुर्णी आहे. काय साल आहे तिची! चौकोनी चौकोनी भेगा."

"किती वर?" अस्वलाने संशयाने विचारले.

"चाळीस पावलं."

"मग ठीक."

असे सुरू झाले. टेंभुर्णीनंतर मोह, मोहानंतर आणखी एक ऐन. मध्ये एकदा सुतार पक्ष्याला घाई सुटली. "दीडशे पावलांवर सगळ्यात भारी झाड आहे," असे तो म्हणाला. अस्वल निम्म्या वाटेत बसले, परत फिरले आणि तीन दिवस गुहेबाहेर आलेच नाही. चौथ्या सकाळी सुतार पक्ष्याच्या ओठांवर, म्हणजे चोचीवर, सगळ्या शिव्या आल्या होत्या. त्याने त्या गिळल्या आणि म्हणाला, "आधीच्या मोहाचीच साल अजून बरी आहे."

"हो ना? मलाही तेच वाटत होतं," अस्वल म्हणाले आणि मोहाकडे चालू लागले.

दर पौर्णिमेला अस्वल दगडावर उभे राहून नवा संकल्प करीतच होते. सुतार पक्षी तेव्हा मान दुसरीकडे वळवी. त्याला मात्र एक गोष्ट दिसत होती. पूर्वी पाच दिवसांत झिजणारे खोड आता आठ-दहा दिवस टिकू लागले होते. घासणाऱ्याचा भारच कमी झाला होता.

वैशाख आला. डोहात चिखल उरला, मग चिखलालाही भेगा पडल्या. एका सकाळी वानरांची आजी म्हणाली, "चला, निघायची वेळ झाली."

अस्वल झटकन दगडावर चढले. "ऐका हो! मी संकल्प करतो, की उद्या हा डोंगर मी एका दमात चढेन! पण त्याआधी..."

"वाहवा!" मोर ओरडला.

"त्याआधी काय? जेवण?" आजी कडाडली. "चिखल खा आता! उद्या कोण थांबणार आहे तुझ्यासाठी?"

अस्वलाचे तोंड पडले. त्याने वर डोंगराकडे पाहिले, आणि त्याला तो पळस आठवला, ती तहान आठवली. ते दगडावरून उतरून खाली बसले. "तुम्ही जा," ते हळूच म्हणाले. "मला काही जमायचं नाही."

सुतार पक्ष्याला त्याच्या कानात ओरडावेसे वाटले. तो ओरडला नाही. त्याने विचारले, "आज पाठ घासलीस का?"

"नाही रे. या गडबडीत राहूनच गेली." आणि हे म्हणताच त्याच्या पाठीला जी खाज सुटली! "थांब, तेवढं करून येतो," असे म्हणून ते उठले आणि रोजच्या वाटेने चालू लागले.

ते ऐनापुढून गेले, टेंभुर्णीपुढून गेले. वाटेत गेल्या वर्षीचा तो पळस लागला. तिथे अस्वल थांबलेही नाही. त्याला तो ओळखूच आला नाही. मागून पिल्ले पोटाशी घेऊन वानरिणी येत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. सुतार पक्ष्याने कालच सुचवलेल्या, उंचावरच्या एका कुसुंबाच्या झाडापाशी पोचल्यावर अस्वलाने खोडाला पाठ लावली, डोळे मिटले आणि घासू लागले. मग त्याने कान टवकारले.

"हा कसला आवाज?"

"पाण्याचा," सुतार पक्षी म्हणाला. "झरा आहे."

"इथे? किती वर?"

"चाळीस पावलं."

अस्वल पोटभर पाणी प्यायले. त्यानंतर वानरे आली, मोर आला, आजीही आली. ती दगडावर टेकली, तिने अस्वलाकडे पाहिले, सुतार पक्ष्याकडे पाहिले, आणि पाण्याला तोंड लावले.

"पाहिलंत ना?" अस्वल ओल्या तोंडाने सगळ्यांना सांगू लागले. "कार्तिकात संकल्प केला होता मी! तेव्हा तुम्हीच वाहवा केलीत. शेवटी संकल्प मोठा पाहिजे बघा, संकल्प! आता पुढच्या पौर्णिमेला तर मी असा करणार आहे, असा करणार आहे, की..."

सुतार पक्षी जवळच्या खोडावर जाऊन बसला. टक, टक, टक! मग एक खरमरीत उत्तर द्यायला त्याने चोच उघडली, आणि त्याला दिसले, की एवढे सगळे एका दमात बोलताना अस्वलाला एकदाही धाप लागली नव्हती.

त्याने चोच मिटली.

तात्पर्य : शरीर घोषणा ऐकत नाही, रोज जे घडते तेवढेच ते लक्षात ठेवते. म्हणून चांगली सवय इतकी लहान करा, की तिचा सोहळा करावासा वाटणार नाही आणि उद्या ती पुन्हा करायला कंटाळाही येणार नाही.