पाय न पुसता या

त्या मुलखात ज्याच्या दारी पाहुणे उतरत, त्यालाच जगायचा हक्क होता. हिवाळाभर एकही पाखरू न उतरलेलं तळं फावडं आणि घमेलं येऊन बुजवून टाकत.

एका तळ्याला मात्र ही धास्ती नव्हती. थंडी पडली की दूरदेशीची बदकं त्याच्यावर थव्यानं उतरत. ती आपल्या रूपावर भाळून येतात, अशी त्याची पक्की समजूत. चिखल, लव्हाळं आणि डुंबायला येणारी म्हैस त्याच्या लेखी फुकटे बिऱ्हाडकरू.

एके वर्षी पाहुण्यांआधी घर आवरावं म्हणून त्यानं तिघांनाही हाकललं. म्हशीला तर वर सुनावलं, "पुन्हा यायचं तर पाय पुसून या!" मग पाणी असं लख्ख झालं, की चंद्र म्हणे त्यात बघून भांग पाडू लागला.

बदकं आली, घिरट्या घालत राहिली, उतरेनात. म्होरकी वरूनच ओरडली, "तळेराव, घर झाडलंत झकास, पण चूलही झाडून टाकलीत की!" थवा निघून गेला.

लगोलग फावडं काठावर येऊन बसलं, शेजारी घमेलं. "शेवटचा थवा जाईतो थांबू," फावडं म्हणालं. "मग कामाला लागू."

 तळ्यानं लाटेलाटेनं तिघांना सांगावे धाडले. पहिली आली ती म्हैस. काठावर थबकून म्हणाली, "काय तळेराव, पाय पुसू का?"

"लाजवू नका, म्हशीबाई. आहात तशा या."

तिच्या पायांना चिखल होता नि चिखलात लव्हाळ्याच्या मुळ्या. ती आत उतरली, तेव्हा तळं तिच्या पायांना शिवलं. पण चिखल सुटणार नाही इतक्या हलक्या हातानं. खुरांच्या खळग्यांत गोगलगाई जमल्या. लव्हाळं तर असं झपाट्यानं वाढलं, की बेडकांना बसल्या जागेवरून उठावं लागलं.

शेवटचा थवा आला तो थेट उतरलाच. इतकी दाटी झाली, की एका दमल्या बदकाला लव्हाळ्यात जागाच उरेना.

"चल रे, इथलं काम संपलं," फावडं घमेल्याला म्हणालं.

"हळू बोल," घमेलं कुजबुजलं. "माझ्याकडे पाहुणे निजलेत."

फावड्यानं हळूच पाहिलं. मग तेही काठावरच्या चिखलात आडवं झालं, पातं न पुसता.