जुन्या इंजिनावर बसलेले वस्ताद

एकदा एका मिस्त्रीला आपल्याच हातांचा वीट आला. हात तसे गुणी होते. वीस वर्षे त्यांनी हमरस्त्यावरच्या गॅरेजात शेकडो गाड्या मार्गी लावल्या होत्या. पण गेले अकरा दिवस एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या गाडीपुढे त्यांची मात्रा चालत नव्हती. गाडीचे इंजिन तेल पिऊ लागले, म्हणून मिस्त्रीने ते उतरवून त्याच जातीचे, कमी चाललेले दुसरे इंजिन बसवले. बसवताना सारे बिनबोभाट झाले. चालू केल्यावर मात्र ते दम्याच्या रोग्यासारखे धापा टाकू लागले.

काय करायचे बाकी ठेवले होते त्याने? प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप उतरवून साफ केला. ॲक्सिलरेटरची केबल जळाली, ती बदलली. दुसरीही जळाली, तेव्हा हल्लीचा मालच फुसका म्हणून कपाळाला हात लावला. इंजिन घटकाभर बरे चाले आणि पुन्हा आचके देऊन बंद पडे. रोगी एक आणि औषधे सतरा, अशी गत झाली.

पोस्टमास्तर चिडले असते तर एकवेळ बरे झाले असते. ते रोज येत, बाकावर बसत आणि "होईल हो, सावकाश होऊ द्या," म्हणून उठत. त्यांच्या पत्नीला सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागे. गाडी नाही, म्हणून दोन एस.टी. बदलून जाणे चालले होते. परवा परतताना बाई स्टँडवर चक्कर येऊन खाली बसल्या, हे मिस्त्रीला तिसऱ्याकडूनच कळले. आज बुधवार होता.

इंजिनच सदोष आहे, ते परत उतरवायचे, असे त्याने ठरवले. त्यानंतर गॅरेजला कुलूप लावून भावाच्या रसवंतीत बसायचे, हेही ठरवले. तीन वर्षांपूर्वी त्याचे वस्ताद काम सोडून मुलीच्या गावी राहायला गेले होते. तेव्हापासून काही अडले, की गिऱ्हाईक हळूच म्हणे, "वस्ताद असते तर..." पुढचे कोणी बोलत नसे, पण त्याला ते ऐकू येई. त्या अभिमानापायी म्हणा, लाजेपायी म्हणा, अकरा दिवसांत त्याने वस्तादांना एक फोन केला नव्हता.

तो फोन शेवटी पोस्टमास्तरांनी केला. वस्ताद दुपारच्या एस.टी.ने आले, तेव्हा दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. जागा मोकळी व्हावी म्हणून मिस्त्रीनेच त्याला जुने इंजिन न्यायला बोलावले होते. वस्तादांनी बिघडलेल्या गाडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते गुडघे धरत मागच्या अंगणात गेले आणि त्या उतरवलेल्या इंजिनावर जाऊन बसले.

"वस्ताद, गाडी तिकडं आहे."

"दिसतीय मला."

"मग त्या मढ्यावर काय बसलाय? हा भंगारवाला खोळंबलाय."

"खोळंबू दे. चहा पाज त्याला."

मिस्त्रीचा तोल गेला. "परीक्षा घ्यायची असेल तर दुसऱ्या कुणाची घ्या. माझ्यात आता जीव राहिलेला नाही."

वस्तादांचा एक जुना नियम होता: नवे इंजिन शंभर किलोमीटर चालल्याशिवाय जुने फाटकाबाहेर जाता कामा नये. शिष्याला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटे. वस्ताद आता चिंधीने त्या इंजिनाचा एकेक बोल्ट पुसत होते.

"काही जळालं का रे?"

"ॲक्सिलरेटरची केबल. दोनदा."

"चौदाचा पाना दे."

त्यांनी मागच्या बाजूचा एक बोल्ट सोडवला आणि तांब्याच्या तारांची विणलेली, वंगणाने काळी झालेली वीतभर पट्टी काढून शिष्याच्या हातावर ठेवली. ती इंजिन गाडीच्या बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी होती. जुने इंजिन उतरवताना तिचे गाडीकडचे टोक त्यानेच सोडवले होते. दुसरे टोक इंजिनाला तसेच राहिले. अकरा दिवस ती दहा पावलांवर पडून होती.

"बॅटरीतून निघालेला करंट इंजिनात काम करतो आणि गाडीच्या बॉडीतून घरी परततो," वस्ताद म्हणाले. "परतायची वाट ही. ती तुटली, की तो सापडेल त्या बोळात घुसतो. केबलीतून गेला, केबल जाळली. नव्यात काय कमी आहे ते तू शोधत बसलास, जुन्याबरोबर काय गेलं ते बघितलं नाहीस. नियम मी शिकवला, कारण कधी सांगितलं नाही. ती चूक माझी."

पट्टी बसली. इंजिन एका दमात सुरू झाले आणि शांतपणे चालत राहिले. मिस्त्री चाकाला पाठ टेकून जमिनीवर बसला. आनंद व्हायलाही अंगात त्राण नव्हते.

"हे मला सुचायला हवं होतं, वस्ताद."

"थकलेल्याला सुचत नाही. विचारलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं विचारू?"

वस्ताद शेजारी बसत म्हणाले, "जाताना तुला किल्ल्या दिल्या, हत्यारं दिली. अडलास तर कुठं यायचं, तेवढं सांगायचं राहिलं. माणूस कामानं जळत नाही रे. परतायला वाट नसली की जळतो."

गुरुवारी पोस्टमास्तर पत्नीला घेऊन स्वतःच्या गाडीतून गेले. त्या सुखरूप पोहोचल्याचे कळताच मिस्त्रीने वस्तादांना फोन लावला आणि तसे सांगितले. सांगून झाले तरी त्याने फोन ठेवला नाही.

"वस्ताद, एका ट्रकचा तिसरा गिअर अडकतोय. विचारू का?"

"विचार की," पलीकडून आवाज आला. "बसलोच आहे."