परातीभोवतीची जागा

एकदा एका शहरात एक फुटबॉलपटू होता. फार मोठा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्यांच्या कथा सांगायला पुष्कळ लोक बसले आहेत. हा आपला ब गटातला, उजव्या बगलेवर बचाव करणारा. नाव दौलत. त्या शहरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले होते, म्हणून संघाला शिकवणाऱ्या माणसालाही सगळे वस्तादच म्हणत. दौलतच्या तालमीचे वस्ताद सत्तरी ओलांडलेले, बोलायला तुटक आणि स्तुतीच्या बाबतीत तर पक्के कंजूष.

चौदा वर्षे दौलत त्यांच्या हाताखाली खेळला. धावत पुढे जावे, एखादा गोल आपल्याही नावावर लागावा, असे त्याला फार वाटे. पण वस्तादांनी त्याला कधी मधली रेघ ओलांडू दिली नाही. मग एका सामन्यात गुडघा गेला आणि खेळ संपला. आई आधीच गेली होती, लग्न जमता जमता राहून गेले होते. भाड्याच्या एका खोलीत तो एकटा राही आणि तालीम हेच त्याचे घर होते. वस्तादांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी संघ त्याच्या हवाली केला. लोक म्हणाले, दौलतचे नशीब उघडले.

त्या तालमीत एक रीत होती. सामना जिंको वा हरो, खेळून आले की सगळ्यांनी आतल्या खोलीत एका मोठ्या परातीभोवती बसायचे आणि एकत्र भडंग खायचे. तिखट चुरमुरे, वर कांदा, कोथिंबीर, आणि अकरा जणांचे हात एका परातीत. दौलत चौदा वर्षे त्या परातीला बसला होता. वस्ताद झाल्यावरही तो तिथेच बसत राहिला. खरे सांगायचे तर नव्या कामातले त्याला तेवढेच आवडत असे. पोरे सरकून त्याला जागा देत, त्याच्या विनोदांना हसत, आणि खेळाविषयी तो जे जे बोले, त्याला "होय दौलतदा, बरोबर दौलतदा" म्हणत.

आणि संघ हरत होता. एक नाही, दोन नाही, लागोपाठ चार सामने. आता दोनच उरले होते, आणि त्यातला एक तरी जिंकला नाही तर तालीम क गटात घसरणार होती. चाळीस वर्षांत असे झाले नव्हते. दौलतला झोप लागेना. कुठे चुकते आहे ते त्याने प्रत्येकाला परातीभोवती विचारले. प्रत्येकाने सांगितले की काही चुकत नाही, नशीब वाईट आहे.

चौथा सामना हरून सगळे परातीला बसले होते, तेव्हा वस्ताद काठी टेकत आले. बऱ्याच महिन्यांनी आले होते. कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. कागदावर दोन मुठी भडंग घेतले, ते दौलतच्या हातात दिले, त्याच्या दंडाला धरून त्याला उठवले, दाराबाहेर आणले आणि बाहेरून कडी घातली. सगळ्यांच्या देखत. दौलतचे कान तापले. चौदा वर्षे ज्याने तालमीसाठी हाडे झिजवली, त्याला आज पंगतीतून उठवले होते. त्याने काही बोलायला तोंड उघडले, तर वस्तादांनी ओठावर बोट ठेवले आणि त्याला पायरीवर बसवले.

आत कुजबुज झाली, आणि हळूहळू आवाज चढले. उजव्या बगलेला खेळणारा मुबारक म्हणत होता, "मला सारखं पुढं पळायला लावतोय. मी पुढं गेलो की मागं धर्मशाळाच होतीया, या कुणीबी आणि जावा. चारी सामन्यांत गोल तिथनंच झालाय." दुसरा म्हणाला, की स्वतःला पुढे जायला मिळाले नाही, त्याची हौस हा माणूस मुबारकच्या पायांनी फेडतो आहे. तिसऱ्याने विचारले, मग आजवर तोंडाला कुलूप का लावले होते? त्यावर मुबारकचा आवाज खाली आला.

"त्याच्या पुढ्यात बसून कसं बोलू? त्याला आपल्याबिगर हाय कोण? त्याचं मन मोडण्यापरीस क गट परवडला."

दौलतच्या हातातले भडंग तसेच राहिले. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या सोसल्या असत्या. मैदानावर त्याने हजार शिव्या खाल्ल्या होत्या. पण पोरे त्याची कीव करत होती, आणि त्या किवेपोटी तालीम बुडवायला निघाली होती, हे त्याच्या काळजाला लागले. तो वस्तादांना म्हणाला, "मी त्यांच्यातलाच आहे असं समजत होतो."

वस्ताद म्हणाले, "मी तीस वर्षं ह्याच पायरीवर बसून खाल्लं. तुम्हाला वाटायचं, म्हातारा घमेंडी आहे. आत माझ्या नकला व्हायच्या, त्या मी इथं ऐकायचो. माझा खोकला तुझ्याइतका झकास कुणाला जमला नाही. पण नकला झाल्या की तुम्ही माझ्या चुका काढायचात, आणि त्या ऐकून मी दुसऱ्या दिवशी सुधारायचो. मी आत बसलो असतो तर तुम्ही लाजेनं गप्प बसला असता. शिकवणारा पंगतीला बसला की पोरांना खरं बोलायला जागा उरत नाही बाळा. तुला त्यांचा मित्रच व्हायचं असेल तर आत जा, संघाला मी दुसरा माणूस बघतो. शिकवायचं असेल तर इथं बस."

दौलत पायरीवरून हलला नाही. त्याने विचारले, "आणि एकटं वाटतं, त्याचं काय करायचं?"

"ते वाटतंच," वस्ताद म्हणाले. "तुला खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी सरावाला दौलतने मुबारकला मागे थांबायला सांगितले. आपली चूक झाली, एवढेच म्हणाला. कुठून कळली ते बोलला नाही. पुढचा सामना बरोबरीत सुटला, आणि त्या दिवशी दौलतने पायरीवरच खाल्ले. शेवटचा एका गोलने जिंकला, आणि तालीम ब गटात राहिली.

त्या संध्याकाळी तालमीत गुलाल उडाला. कुणी हलगी आणली, कुणी दौलतला खांद्यावर घेऊन दारापर्यंत नाचवत आणले. परात भरली होती. मुबारकने आपल्या शेजारी जागा ठेवली होती आणि तो हाका मारत होता, "या की दौलतदा, आज तरी या!"

दौलतला आत जायचे होते. गेल्या कित्येक वर्षांत त्याला दुसरे काही इतके हवेसे वाटले नव्हते. वस्ताद त्या दिवशी आले नव्हते, त्याला अडवणारे कुणी नव्हते. पण आज आत बसलो तर पुन्हा तिथून उठणे आपल्याला जमणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. त्याने मूठभर भडंग कागदावर घेतले आणि दार ओढून घेतले.

आत कुणीतरी त्याच्या लंगडण्याची नक्कल केली असावी, कारण मोठा हशा उठला, आणि त्या हशातच एक जण म्हणाला की दुसऱ्या अर्ध्यात दौलतदाने गडी बदलायला उशीर केला.

उशीर झालाच होता. दौलतने डोळे पुसले आणि नीट ऐकू यावे म्हणून तो दाराच्या जरा जवळ सरकून बसला.